दोघांत एक मूस

शिकुतिमी, २६ सप्टेंबर

प्रिय यानिक,

कसा आहेस, व्हँकुव्हरचा पाऊस काय म्हणतो, वगैरे. मी मजेत. ओकानागनला चेऱ्या तोडून युकॉनला निघाले होते, वाटेत एका भल्या माणसाच्या ट्रकमध्ये बूट विसरले. ते जाऊ दे. सध्या घरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आपल्या पापांच्या लघवीतून रक्त जात होतं. उन्हाळाभर त्यांनी ते बिटाच्या लोणच्यावर ढकललं. शेवटी डॉक्टर ब्रासार बाईंनी दुर्बीण घालून मूत्राशयातली गाठ खरवडली. कॅन्सर आहे. दुभंगायला निघालेल्या पेशी तपकिरी दिसाव्यात असा एक रंग असतो म्हणे. पापांच्या निम्म्या पेशी तपकिरी. म्हणजे गाठ घाईत आहे. ती खोल कुठवर गेलीय ते मात्र कळेना, कारण खरवडलेल्या तुकड्यांत स्नायूचा थरच आला नाही. म्हणून नऊ ऑक्टोबरला पुन्हा खरवडायचं.

पापा म्हणाले, शिकारीनंतर बघू.

वर बाईंनाच शिकवायला लागले, की मूस हरीण सोलताना मूत्राशयाला सुरी लागली तर सगळं मांस नासतं, त्याला छेडू नये.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मस्यू, मूस मेलेला असतो. तुम्ही अजून आहात."

पापा हसले. ऑपरेशनच्या संमतीवर सही केली नाहीच.

येताना गाडीत मी भांडले. दोन शिकाऱ्यांच्या दोन परवान्यांवर एक मूस, हा नियम; एकट्याला मारता येत नाही. तू मचाणावरून उतरून गेलास तेव्हापासून हे एकटेच जातात, भूर्जाच्या सालीच्या भोंग्यातून मूसला हाका मारतात, आणि मूस समोर आला तरी बघत बसतात. ही कसली शिकार?

बराच वेळ ते रेडिओची खुंटी पिळत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तो आला आणि मी मचाणावर नसलो तर?"

कोण तो, हे विचारू नकोस. मी दोघांनाही वैतागलेय. तुमचं भांडण कशावरून झालं तेही तुम्हाला धड आठवत नसेल.

मी सांगून टाकलं, यानिक नऊ तारखेला येतोय, थेट हॉस्पिटलात. त्यांनी गाडी तिथूनच वळवली, जाऊन सही केली. आता त्यांनी धुतलेलं तुझं शिकारीचं नारिंगी जाकीट दोरीवर वाळतंय. उंदरांचा वास काही जात नाही.

मला खोटं पाडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच, बुटांवाचून कुठे पळताही न येणारी,
नोएमी