कडेवरचं नाव

३ फेब्रुवारी

…तर नाव समोर नाही, कडेवर शोधायचं, असं म्हणत पाठारेसरांनी पदक माझ्या दोन बोटांत उभं धरायला लावलं आणि भिंग पुढे सरकवलं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मुंगीएवढी अक्षरं. मी वाचत गेलो, सर मान डोलवत गेले. मग म्हणाले, आता बसा, धम्मपाल.

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. गिरगावातल्या दोन खोल्या, सागवानी कपाटं, चारशेच्या वर पदकं. सरांची नजर जायच्या आत सगळ्यांची यादी करायची आहे. पदक कुणाचं, कुठल्या लढाईचं, घरचं कुणी उरलंय का. मी बावीस वर्षं ग्रंथालयात सूच्या केल्या. हे काम मला जमेल. सरांचा नियम एकच आहे. पदक पुसायचं नाही, चकाकवायचं नाही.

भायखळ्याला घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईला हल्ली फार विसर पडतो. पद्मजाला, माझ्या सख्ख्या बहिणीला, ती शेजारीण समजते. मला मात्र पावलावरून ओळखते. तेवढं पुरे. ते जायला नको.

७ फेब्रुवारी

आई रोज विचारते, आज्याचं नाव सापडलं का. तिचा आजा, बुधाजी, १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, कोकणातून इराकात बसऱ्याला गेला तो परत आला नाही. पत्र नाही, पदक नाही. घरात सगळे त्याला शिपाई म्हणत. तो हमाल पलटणीत असावा. शिपायांना चांदीचं पदक मिळे, हमालांना तेच पदक ब्राँझचं.

सरांच्या पत्र्याच्या डब्यात तसं एक ब्राँझचं पदक आहे. त्याची कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली. मी विचारलं, हे यादीत घ्यायचं का. सर म्हणाले, नाही. जुने व्यापारी खरं नाव घासून काढत आणि दुसऱ्याचं घालून विकत. इथे घासून झालं आणि काम तिथेच थांबलं. मग डबा बंद करत म्हणाले, "रिकामी कड रिकामीच ठेवायची. तिथे कुणाची सोय लावायची नाही."

१४ फेब्रुवारी

बुधाजी कुठल्याच कागदात नाही. आज आई संध्याकाळपर्यंत रडत होती. उद्या तिला हे रडणंही आठवणार नाही, आणि मग मीही आठवणार नाही, असं वाटलं.

१५ फेब्रुवारी

डब्यातलं ते ब्राँझचं पदक रुमालात बांधून आणलं. सरांना विचारलं नाही.

लालबागला लवूचं भांड्यांचं दुकान आहे. तांब्या-पेल्यांवर मशीनने नाव घालून देतो. पदक पाहून म्हणाला, "जिंकलंस कधी रे? का कुणाचं ढापलंस?" मी हसलो. त्याने कडेवर घातलं: बुधाजी.

आईच्या पदराला पदक लावलं. तिने बोटाने अक्षरं चाचपली. संध्याकाळभर शांत होती. दोन घास जास्त जेवली.

१७ फेब्रुवारी

कडेवरचं नाव गेलं. पुसट झालेलं नाही. कड अशी गुळगुळीत, जणू लवूने मशीन लावलंच नव्हतं.

आईने विचारलं, दाराशी कोण उभा आहे. मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "बस म्हटलं तरी बसत नाही बिचारा. नाव विचारलं तर म्हणतो, घासलं."

घासलेल्या कडेबद्दल मी आईला कधीच बोललो नव्हतो.

१९ फेब्रुवारी

सकाळी पाणी प्यायला पेला घेतला. माझ्या नामकरणाला वडिलांनी त्यावर माझं नाव घालून घेतलं होतं. पेला कोरा. ताट कोरं. डबा कोरा. आईची भांडी तशीच आहेत, वडिलांची तशीच. फक्त माझं नाव नाही.

पदक पाहिलं. कडेवर अक्षरं आहेत, मशीनची नाहीत. जुन्या पद्धतीची, ठोकलेली. मुंगीएवढी.

धम्मपाल.

२० फेब्रुवारी

पदक परत करायला धावत गेलो. पाठारेसरांनी दार अर्धंच उघडलं. कोण पाहिजे, विचारलं. मी नाव सांगितलं. यादी दाखवा म्हटलं, माझ्या हातची सतरा पानं आहेत. ते म्हणाले, यादी करायला अजून माणूस मिळाला नाही. मी रुमाल उघडला. सरांनी कडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दार लावलं.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. भूतखेत आम्ही मानत नाही, आईनेच शिकवलं. भगताकडे जाणार नाही. विहारात गेलो, भंतेंसमोर बसलो. काय सांगू, कळेना. वंदना करून उठलो.

२१ फेब्रुवारी

कानस आणली. दोन तास घासतोय. बोटांची सालं निघाली. नाव आणखी खोल जातंय.

समुद्रात टाकून आलो. घरी आलो तर आईच्या पदराला —

२२ फेब्रुवारी

दुपार. आईला भरवायला बसलो. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "तुम्ही कोण?"

तुम्ही. पन्नास वर्षांत आईने मला कधी तुम्ही म्हटलं नाही.

पद्मजाला फोन केला. म्हणाली, राँग नंबर.

माझा चेहरा आई विसरेल, हे मी धरून चाललो होतो. पण ती मुलाला विसरत नाहीये. ती दाराकडे बघून हसते. बाळा म्हणते. माझ्याकडे नाही — दाराकडे —

२३ फेब्रुवारी

तो बसला. आज बसला. खाटेवर, आईच्या शेजारी. भर दुपारी. माझा सदरा आहे अंगात. पाठ ताठ. तोंड अजून नीट — गुळगुळीत आहे — पण नाक माझं येतंय.

आई त्याला पेज भरवते आहे. मी ओरडलो. आई दचकली नाही. तिला ऐकू गेलं नाही.

मी म्हटलं, तुझं नाव शोधून देतो. सगळे कागद पालथे घालीन. खरं नाव देतो. आईला सोड. तो —

लिहून ठेवतो. निदान इथे राहील. मी कमळाबाईंचा मुलगा. भायखळ्याला राहतो. माझं नाव

माझं नाव

२४ फेब्रुवारी

आज सकाळी आईला बघायला आले. धम्मपालने दार उघडलं. आईची अंघोळ झाली होती, केस विंचरलेले होते. मला पाहून आई "पद्मे" म्हणाली, दीड वर्षाने ओळखलं. धम्मपालने चहा केला. ही वही खाटेखाली मिळाली. त्याला विचारलं तर त्याची नाही म्हणाला, आणि अक्षरही त्याचं नाही. दुसऱ्याची वही, वाचली नाही. चाळीत कुणाची असेल तर घेऊन जावी. शनिवारपर्यंत ठेवते, मग रद्दीत देईन.

— पद्मजा