निजामच्या हातचं पाणी

कारंजा लाड
ता. २० नोव्हेंबर १९३४

चि. निजामुद्दीन यास,
थोरल्या बहिणीची, जुबेदाआपाची मायेची दुवा. वि. वि. इकडे आमी सारे खुशाल आहोत. तुझी खुशाली तीन महिन्यांत दोन ओळींच्या वर कळली नाही.

लतीफाची मंगनी झाली अन् तिचा एकुलता एक मामूच आला नाही. मंगरूळची मंडळी दहादा विचारत होती, पोरीचा मामू कुठं आहे म्हणून. मी म्हटलं, मामू मणियार आहे, दहा गावच्या बायांचे हात बांगड्यांनी भरते, भाचीच्या हाताले त्याले सवड नाही. ते हसले. मीही हसली. मंडळी गेल्यावर मात्र चुलीपाशी बसून रडली, हे तुले कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

बंडीवाल्याच्या हाती तू धाडलेल्या हिरव्या बांगड्या पोचल्या. माप न घेता इतक्या नेमक्या बसल्या की लतीफा दिवसभर हात वाजवत फिरली. पण संगं चिठ्ठी काय, तर बांगड्या कढत पाण्यानं धुऊन घाल, अन् चिठ्ठी आधी घडीभर उन्हात ठेव, मग वाच! काहून रे? लतीफा म्हणते, मामू शेर लिहून राह्यले असतील, त्यांची शाई वाळत नसंल.

अब्बांनी आपल्याले मराठी शाळेत घातलं ते गिऱ्हाइकाची भाषा यावी म्हणून. मले तर वाटे, बहीण-भावाले पत्र लिहाच्या कामी येईल. तू तेवढाही उपयोग करत नाही.

रमजानले अठरा दिवस उरले. ईदले कारंज्यात ये. लग्न चैत्राच्या सुमारास धरलं आहे, चुडा तूच भरायचा आहे. लतीफाच्या अब्बांचा सलाम. ते जिनिंगमधून आले की रोज विचारतात, निजामचं काही आलं का.

माया आहे तेवढी घट्टच राहू दे, पातळ करू नको.
तुझी आपा,
जुबेदा

*

इंझोरी
ता. १ डिसेंबर १९३४

ती. आपा हीस,
धाकट्या निजामचा सलाम. वि. वि. तुझं पत्र पावलं. वाचून बरं वाटलं अन् वाईटही वाटलं.

मंगनीले आलो नाही ते पाय लचकला म्हणून. मानोऱ्याच्या बाजारात पेटी खांद्यावर घेऊन उतरताना मुरगळला, अजून चालवत नाही. काळजी करू नको. घरमालकीण गोमतीबाई दोन वेळची भाकर ओट्यावर आणून ठेवते. धंदा ठीक आहे.

ईदले येणं होणार नाही. मले बोलू नको. अन् लतीफाचा चुडा कारंज्याच्याच कोण्या मणियाराकडून भरून घे. माझ्यापेक्षा तिथल्या लोकांचा हात हलका आहे. पोरीले सांग, मामूची दुवा दुरून आली तरी दुवाच असते.

हे पत्रही उन्हात ठेव. हसू नको, ठेव.

लोभ दुरूनही राहते, तसाच राहू द्यावा.
तुझा भाऊ,
निजाम

*

कारंजा लाड
ता. १० डिसेंबर १९३४

चि. निजाम यास,
आपाची दुवा. वि. वि. खुशाली लिहीत नाही, कारण तुझं पत्र आल्यापासून माझी खुशाली कुठं गेली ते मलेच ठाऊक नाही.

फुलचंद शेट कापडवाले मानोऱ्याचा बाजार करतात, हे तू विसरला वाटते. त्यांनी तुले गेल्या आठवड्यात पाह्यलं. तुमचा भाऊ सरळ पायांनी चालत होता, म्हणाले. पण त्याची पेटी दसऱ्यापासून बाजारात दिसली नाही, अन् उजव्या हाताले फडकं गुंडाळलेलं होतं. मी आवाज दिला तर गल्लीत शिरला, असंही शेटनं सांगतलं.

निजाम, खोटं बोलणं तुले लहानपणीही जमलं नाही. गूळ चोरून खाल्ला की कोणी विचाराच्या आधीच तोंड पुसत येई. अन् तू लिहितो, दुसऱ्याचा हात हलका आहे! बांगडी चढताना बाईले कळू नये असा हात साऱ्या मुलखात एकाच माणसाचा आहे, असं तूच छाती फुगवून सांगे. तो हात कशाले लपवून राह्यला?

जे असंल ते लिही. भांडण असंल, रोग असंल, चूक झाली असंल. पत्र आलं नाही तर मीच येते, अन् मी आली की गोमतीबाईच्या ओट्यावर बसून मोठ्यानं बोलंन, हे ध्यानात ठेव.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच
आपा

*

इंझोरी
ता. १८ डिसेंबर १९३४

ती. आपा हीस,
निजामचा सलाम. वि. वि. येऊ नको. म्हणूनच सारं लिहितो.

भादव्यात गोमतीबाईच्या सुनेले बांगड्या भरत होतो. एक बांगडी माझ्या तळहातात फुटली. सून एकदम ओरडली. मले वाटलं, काच तिले लागली. तिचा हात पाह्यला तर धड होता. मग ती म्हणाली, भाऊ, तुमचं रक्त पाहा. सतरंजीवर रक्त सांडलं होतं, काच अर्धी आत शिरली होती, अन् मले काहीच कळलं नव्हतं.

अंगठ्याच्या खाली एक फिकट चट्टा उन्हाळ्यापासून होता. घरी येऊन त्याच्यावर सुई टोचून पाह्यली. आपा, लाकडाले टोचावी तशी गेली. ही रक्तपिती आहे, महारोग. दुसरं काय असंल?

कारंज्याच्या वेशीबाहेर बसणारा तो माणूस तुले आठवते का? लोक त्याच्याकडे लांबून भाकर फेकत. अम्मा एकटी त्याच्या हातात देई, अन् मी अम्माच्या मागं लपून राहत असे. आता रोज मले तोच दिसते.

पेटीले कुलूप लावलं. मी किती बायांचे हात धरले याचा विचार केला की घास उतरत नाही. मंगरूळच्या लोकांले कळलं तर लतीफाले कोण नेईल? नमाज सोडली नाही, पण सजद्यात हात जमिनीले टेकते तर जमीनही लागत नाही. मले वाटते, अल्लाहनं माझ्याकडून तोंड फिरवलं. कोणत्या गुन्ह्याची सजा आहे ते शोधून राह्यलो.

हे पत्र जाळ. लोकांले सांग, निजाम तापानं गेला. थोडे दिवस रडशील, पण पोरीचं लग्न तरी होईल.

तुझा
निजाम

*

कारंजा लाड
ता. २५ डिसेंबर १९३४

चि. निजाम यास,
जुबेदाआपाची दुवा, अन् अम्मा असती तर तिचीही. वि. वि. तुझं पत्र जाळलं नाही. उन्हातही ठेवलं नाही. लतीफाच्या अब्बांले वाचून दाखवलं. आज पहाटे सहेरीले उठले तेव्हा ते म्हणाले, शनिवारी बंडी जुंपतो.

तू गुन्हा शोधून राह्यला, तर एक गोष्ट ऐक. अम्मा पिठात हात घालाच्या आधी, अब्बांच्या पेटीचं कुलूप काढाच्या आधी बिस्मिल्ला म्हणे. मी एकदा विचारलं, अल्लाहचे इतके नावं, मग दर कामाले रहमान अन् रहीम हे मायेचेच दोन काहून? अम्मा भाकर थापत होती. म्हणाली, पोरी, कोणाच्या घरी गेलं की दारात पहिले कोण उभं राहते त्यावरून घर ओळखावं. त्यानं आपल्या दारात माया उभी केली आहे. हिशेब घेणारा आत कुठं असंल तो असंल, पण पहिली गाठ मायेशीच पडते.

तू दारातूनच परत फिरून राह्यला, निजाम. ज्यानं तुले इतका हलका हात दिला, तो त्या हाताकडं पाठ करंल असं मले वाटत नाही.

अन् ज्या रोगाचं नाव तू स्वतःच ठेवलं, ते नाव एखाद्या डॉक्टरले तर ठेवू दे. अकोल्यात एक डॉक्टर दर मंगळवारी याच रोगाचे लोक तपासते, असं फुलचंद शेटनं सांगतलं. मी तुझं नाव घेतलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. तयार राह्य.

माया होती तशीच आहे, तिले काही झालं नाही.
तुझी आपा,
जुबेदा

*

अकोला
ता. २४ जानेवारी १९३५

ती. आपा हीस,
निजामचा सलाम. वि. वि. तू अन् लतीफाचे अब्बा मले इथं सोडून गेले त्याले तीन आठवडे झाले. मुसाफिरांच्या सराईत एक खोली आहे, शेजारी एक म्हातारा नालबंद आहे, तोही मंगळवारचाच. दोघं मिळून रांधतो. डाळीत मीठ त्यानंही टाकलं अन् मीही, असं दोनदा झालं.

तुमच्यासमोर पहिल्या दिवशी डॉक्टर जे बोलले ते मले धड ऐकूच आलं नव्हतं. म्हणून परवाच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मिटाले लावले, कापसाच्या टोकानं हातभर तपासलं, मग कोपरापाशी नस चाचपली. म्हणाले, रक्तपितीच आहे, पण हा प्रकार लागट नाही, अन् तुमी लवकर आले. मी दहा गावच्या बायांचं विचारलं. त्यांनी सरळ सांगतलं की तुमच्या हातानं कोणाले काही झालं नाही. आपा, मी तिथंच बाकावर बसून लहान लेकरावाणी रडलो. दर मंगळवारी कडू तेलाची सुई घ्याची आहे, वर्षभर तरी. गेलेली जाणीव सारी येईल असं ते म्हणत नाहीत. रोग पुढं सरकू देणार नाही, एवढं म्हणतात. मले तेवढं पुरते.

एक गोष्ट तोंडानं सांगता आली नाही, ती लिहितो. त्या शनिवारी तुमची बंडी अंगणात उभी राह्यली तेव्हा दिवस बुडून मगरिब व्हाले घडीभर वेळ होता. तू दिवसभराच्या रोज्यानं कोरडी झाली होती. मी लोटा ओट्यावर ठेवला अन् मागं सरलो. तू म्हणाली, ठेवलेलं नाही पीत मी, हातात दे. अजान झाली. तू माझ्या हातून लोटा घेतला अन् त्याच पाण्यानं रोजा सोडला. मग खजूर काढून अर्धा मले भरवला. गोमतीबाई दारातून पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिनं भाकर ओट्यावर ठेवली नाही, माझ्या ताटात वाढली.

मी चार महिने वाट पाहत होतो की अल्लाह काही बोलंल. तो बंडीतून उतरलेल्या बहिणीच्या हातून बोलला, असं मले आता वाटते. सजद्यात जमीन अजूनही लागत नाही, पण भेव वाटत नाही.

फक्त मंगरूळच्या लोकांले काही सांगू नको. तुझ्यासारखं काळीज माझं नाही. तुले तर भेव ठाऊकच नाही.

या भावावर सावली असू दे.
निजाम

*

कारंजा लाड
ता. २८ मार्च १९३५

चि. निजाम यास,
आपाची दुवा. वि. वि. पत्राले उशीर झाला. सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

मंगरूळच्या लोकांले आमी सांगतलं. तू नको म्हटलं होतं, पण लग्नानंतर कळलं असतं तर लतीफाले तिथं जन्मभर खाली मान घालून राहावं लागलं असतं. लतीफाच्या अब्बांनी स्वतः जाऊन सांगतलं. नवऱ्या मुलाच्या बापानं पान दिलं, चहा दिला, हो-नाही काही दिलं नाही. वीस दिवस निरोप नाही. लतीफा एकदाही रडली नाही. एवढंच म्हणाली की ज्या घरात मामूले जागा नाही तिथं मले कशाले धाडता.

एकविसाव्या दिवशी तो बाप आला. तुझ्या डॉक्टरनं आमच्यापाशी दिलेली चिठ्ठी मागून घेऊन गेला, मंगरूळच्या डॉक्टरले दाखवली, अन् पुढल्या जुम्याले पुन्हा येऊन तारीख पक्की करून गेला. सारं गोड झालं असं समजू नको. मुलाची फुफी, बापाची बहीण, येत नाही म्हणते. न येऊ दे. युनूस, म्हणजे आपला जावई, त्यानं बापासंगं निरोप धाडला आहे की चुडा मामूच्या हातानंच भरला पाहिजे. लग्न १८ एप्रिलले आहे. मंगळवारची सुई झाली की बुधवारी मूर्तिजापूरहून छोटी गाडी पकड. स्टेशनवर लतीफाचे अब्बा उभे राहतील.

आता तू लिहिलं त्याबद्दल. मले भेव ठाऊक नाही असं तू समजते, अन् ते समजून तू मले मोठं करून राह्यला. ते खोटं मले पचत नाही.

त्या शनिवारी वाटेतल्या नाल्यावर मी बंडी थांबवाले लावली. खाली उतरून दगडावर बसली. लतीफाच्या अब्बांले म्हटलं, परत फिरवा. मले लतीफा दिसत होती, तिचे हात दिसत होते. ते बैलांले पाण्यावर घेऊन गेले. दारात माया उभी असते ही अम्माची गोष्ट मी तुले लिहिली होती खरी, पण माझ्या स्वतःच्या मनात ती उतरली नव्हती. तिथं बसून मी अल्लाहले म्हटलं, तू रहमान आहे हे मी ऐकून आहे. माझं भेव काढून घेणं नसंल तर नको घेऊ. पण मी जाते, तू संगं चाल. बैल पाणी पिऊन वर आले, तेव्हा मी बंडीत बसली. भेव संगंच होतं. ते इंझोरीपर्यंत उतरलं नाही.

तू लोटा दिला तेव्हा माझे दात त्याच्या काठावर वाजले. तू समजला, आपा रोज्यानं थकली. निजाम, पहिला घोट मी भेवातच पेला. दुसरा घोट तहान लागली होती म्हणून पेला.

येताना डोक्याले रुमाल बांध, ऊन आतापासूनच भाजते. बहिणीवर राग धरला तरी चालंल, माया तेवढी सोडू नको.
तुझी आपा,
जुबेदा