खांद्याची कळ

२ जून, मंगळवार

घरी आलो! घर म्हणजे आमची खोली – मी, मिस्त्री आणि भोंगा. भोंगा आमच्याच कामावर फरशी कापायचा कटर चालवतो, बोलतोही कटरसारखाच. माझी पित्ताची पिशवी खड्यांसकट काढली. दुर्बिणीने. पोटाला चार भोकं, त्यावर चार पट्ट्या, बस्स. मला वाटलं होतं, गोणी शिवतात तसं शिवून पाठवतील.

निघताना डॉक्टरबाईंनी पोट बोटांनी वाजवून पाहिलं. बसवलेली फरशी आम्ही वाजवतो, अगदी तसं. म्हटलं, बाई, पोकळ वाजलं तरी उखडू नका. त्या हसल्या. मीही हसलो – आणि कळलं, सध्या हसायचं नाही.

३ जून

कापलं पोट आणि दुखतोय उजवा खांदा! आत नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात म्हणे. उरलेला वर चढतो आणि खांदा धरतो. भोंगा म्हणतो, लेका, तुझी पाइपलाइनच उलटी जोडलीय.

५ जून

मजेत आहे. मिस्त्री सकाळी माझ्यासाठी मऊ भात करून जातो. इतका ओला कालवतो की सिमेंट असतं तर शिव्या घातल्या असत्या. बादली उचलायची नाही, वाकायचं नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी. दाराजवळची एक फरशी पोकळ वाजते. भाड्याची खोली, आपल्याला काय! पण हात शिवशिवतात.

आईला सांगितलं नाही. सांगितलं की म्हणेल, ये निघून. आणि मी जाईन, हीच तर भीती. गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, पार्सलचं काम सोडलं. एका जागी बूड टेकलं नाही कधी. इथे टिकलोय. पुढच्या कामावर मिस्त्री मला अख्खी खोली देणार आहे, पहिल्या फरशीपासून शेवटपर्यंत माझी एकट्याची. ते हातचं घालवायचं नाही.

७ जून, रविवार

आईचा व्हिडिओ कॉल. तयारी ठरलेलीच होती – मी अंगात कामाचा शर्ट घालायचा, भोंग्याने बाहेर जिन्यात कटर चालवायचा. म्हणजे मी कामावर!

आईने फोन डोळ्यांजवळ धरून बघितलं. मग म्हणाली, "फरशीवाले खुर्चीत बसून फरशी बसवायला लागले होय रे?"

उकिडवं बसता येईना, काय करणार! म्हटलं, जेवणाची सुट्टी आहे. मग सुट्टीत कटर कोण फिरवतंय, म्हणाली. मी इकडचं तिकडचं बोललो. तिनेही ताणलं नाही.

ठेवता ठेवता म्हणाली, "खांदा दुखत असेल. चालत राहा, उतरते कळ."

हो म्हटलं आणि ठेवला. भोंगा धुळीने पांढरा होऊन आत आला. जमलं ना, म्हणाला. जमलं म्हटलं.

८ जून

डोक्यातून जात नाही. पोटाचं ओळखलं असेल, माझा हात सारखा तिथेच होता. पण खांदा? ऑपरेशन पोटाचं आणि कळ खांद्याला, हे माझं मलाही आधी माहीत नव्हतं. मिस्त्री शपथेवर सांगतो, मी बोललो नाही. भोंग्याकडे तर आईचा नंबरच नाही.

ताईला विचारतो.

९ जून

ताई आधी म्हणाली, आईलाच विचार. मग म्हणाली, मागच्या साली आई मामाकडे राहायला गेली होती ना, ती मामाकडे नव्हतीच. दवाखान्यात होती. हीच पिशवी, हीच दुर्बीण. ताईला तिनेच बजावलं होतं – त्याला कळवायचं नाही. कधी नव्हे ते पोरगं टिकलंय, सगळं टाकून धावत येईल.

तेव्हा मी फोन केला होता. मागे भांड्यांचा खणखणाट. मामीचा स्वयंपाक चाललाय, म्हणाली होती आई.

भांडी ताई वाजवत होती.

१० जून

खांद्याची कळ उतरली. आईला फोन लावतोय. भोंगा कटर घेऊन उठला होता – म्हटलं, बस खाली. आज नको.