मायच्या लुगड्यातली पुरचुंडी

डोणगाव, चैत्र वद्य तृतीया

प्रिय कोकिळे,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि पार्सल अजून इथेच आहे. रागावली असशील. मीही रागावलो आहे, पण फुलांवर.

तुझी माय लुगड्यांच्या घडीत वाळल्या फुलांची पुरचुंडी ठेवायची ना, तशी करायला बसलो आहे. तिला ते भाजी निवडता निवडता जमायचं. गुलाबाच्या पाकळ्या, दवणा, वाळ्याच्या मुळ्या, एवढंच मला ठाऊक. पहिल्यांदा उन्हात वाळवलं, तर कडबा झाला. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, सावलीत वाळवा. तसं केलं, पण घाईने ओलसरच बांधलं आणि बुरशी आली. तिसऱ्यांदा कापूर घातला, तर साऱ्या ट्रंकेला आरतीचा वास. अंबूबाई रोज कुंपणावरून विचारतात, "भाऊ, बकरीसाठी पाला वाळवून राह्यले का?" परवा चिडून मी सूपच उपडं केलं. मग पाकळी न् पाकळी वेचत बसलो. गुडघे अजून ते विसरले नाहीत.

तुझा खोकला कसा आहे? वाळा थंड, म्हणून कमीच घातला. पार्सल भिजेल का, पोष्टात कोणी फोडेल का, वऱ्हाडातली वस्तू तिकडे मध्य प्रांतात नीट पोचते का, हेच डोक्यात असतं.

चौथी पुरचुंडी बरी जमली. वास येतो. पण फुलांचाच येतो.

आता लिहितोच. मायचं हिरवं लुगडं जसं आहे तसं पाठवा, असं तू लिहिलं होतंस. माझी शाळा दुसरीपर्यंतची. मला वाटलं, फाटकं असलं तरी चालेल म्हणतेस. खांद्यावर तेलाचा डाग होता, पदराला चुलीचा धूर. लेकीच्या सासरी मळकं कसं पाठवावं, म्हणून परटाकडे दिलं. त्याने भट्टीत घालून लख्ख केलं. मी खुशीत अंबूबाईंना दाखवायला नेलं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "भाऊ, काऊन धुतलं हे? पोरीले माय पाह्यजे होती." मग मीही हुंगलं. काही नव्हतं. घरात तिचं न धुतलेलं दुसरं काही सापडलं नाही. सगळं धुंडाळलं.

लुगडं आणि पुरचुंडी आजच्या टपालाने पाठवतो. हुंगून पाहू नकोस. नेस, चुलीपुढे बस, आणि धुवायची घाई करू नकोस.

तुझाच,
बाबा