पपांसाठी फाडलेला शर्ट

९ जानेवारी
पपा गेले. सकाळी गेले आणि दुपारी हुमायून रोडच्या कबरस्तानात दफनसुद्धा झालं! ज्यूंमध्ये थांबत नाहीत. आमच्या पुण्यात अजून निम्मे लोक वाटेत असते. प्रार्थना म्हणणाऱ्या डेव्हिड अंकलनी शोकाची खूण म्हणून रूबेनच्या शर्टाला छातीपाशी डावीकडे ब्लेड लावलं, पुढे त्याने स्वतःच्या हाताने फाडला. निळा शर्ट, पहिल्या नोकरीला पपांनीच घेऊन दिलेला. तो टर्रकन आवाज कानातून जात नाही.
मला कोणी काही फाडायला सांगितलं नाही. सून ना मी, तीही कुलकर्ण्यांकडची.

१२ जानेवारी
आरसे झाकलेत. आई आणि रूबेन खाली गादीवर, त्याच्या अंगात तोच फाटका शर्ट. लोक येतात, नमस्कार-चमत्कार नाही, नुसते बसतात. मी आपली चहा करत सुटलेय. आई म्हणाल्या, "तूही बस जरा." बसले नाही. बसायला हवं होतं.

१६ जानेवारी
सात दिवस काल संपले. शर्ट धुवायच्या टोपलीत दिसला. पपांनी घेतलेला शर्ट असा कसा टाकायचा? ऑफिसला दांडी मारून लाजपतनगरच्या रफूवाल्याकडे गेले. त्याने शर्टाचेच आतले दोरे काढून विणलं. "मॅडम, अब ढूँढके दिखाइए!" खरंच दिसेना! उद्या रूबेनला सरप्राइज.

१७ जानेवारी
काय करून बसले मी हे!
रूबेन बराच वेळ शर्ट उलटासुलटा करत राहिला. मग म्हणाला, "आईबापांसाठी फाडलेलं नीट शिवायचं नसतं, रेवती. कधीच नाही." ओरडला असता तर बरं झालं असतं. आई उठून आत गेल्या.
सहा वर्षं या घरात आहे. शुक्रवारचे दिवे कधी लावायचे ते कळतं म्हणून मिरवते. विचारायला काय झालं होतं? तोंड होतं ना!

२१ जानेवारी
सुई घेऊन उसवायला बसले. दोरे त्याच शर्टाचे. कुठला रफूचा, कुठला मूळचा, कळतच नाही. कुठे फाडला होता तेसुद्धा सापडेना. खूप रडले.
आई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. "राहू दे," एवढंच म्हणाल्या.

४ मार्च
रूबेन आता पूर्वीसारखा बोलतो. आई कामापुरतंच — मीठ दे, गोळी दे. आज विचारलंच, "अजून रागावलात का?"
"चहा गार होतोय," म्हणाल्या. बस!

२७ जुलै
आई गेल्या. झोपेतच.
कबरस्तानात डेव्हिड अंकल ब्लेड घेऊन आधी रूबेनकडे गेले. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या सासूनं सांगून ठेवलंय मला. माझ्यासाठी रेवतीलाही फाडू दे, म्हणाली. लेक आहे माझी." ब्लेड माझ्या हातात दिलं.
मी ओढणी बाजूला केली.
हा कुर्ता मी शिवणार नाही.