उलट्या पिळाचा दोर

मिरचीचा मळा, क्वीन्सलँड
३ मे

ती. लेसिएलीताईस सेमिसीचा सा. न. वि. वि.

तर पुन्हा तेच. मी एका मळ्यावर टिकत नाही, माझ्या बुडाखाली मुंग्या आहेत, आणि लांब बसून मी शहाणपण शिकवतो. बरं बाई, आहेत मुंग्या. पण रविवारी फोनवर मी एवढंच विचारलं, की नर्सबाईंनी सांगितलेला हाताचा व्यायाम बंद का केलास, तर तू फोनच ठेवून दिलास. म्हणून लिहितोय. फोनवर बाबा शेजारी असतात आणि लुपे आत्या कान देऊन ऐकते. अक्षराला हसू नकोस. शाळा मी सोडली की शाळेने मला, हे तुला ठाऊकच आहे.

बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते डाव्या हाताला आपला म्हणत नाहीत. म्हणतात, हा वाहाईचा हात आहे, गार आहे, माझ्या अंथरुणातून काढा. अगं, वाहाई काका गेले तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आणि आत्या म्हणते, की मेलेल्याचा हात जिवंताने चोळू नये, म्हणून तूही चोळणं सोडलंस!

मला हसू आलं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी मिरच्या तोडताना माझाच डावा हात पानांआडून पुढे आला, आणि क्षणभर तो कुणाचा ते मला कळेना. नुसता बघत राहिलो. मुकादमाने शिवी दिली तेव्हा हललो.

काका डावखुरे होते. त्यांनी वळलेला काथ्याचा दोर उलट्या पिळाचा असे, टोकाला दुसऱ्या कुणाला न जमणारी त्यांची गाठ असे, म्हणून गावात कुणी चोरत नसे, लगेच ओळखू यायचा. आपल्या भावाचा तोच हात बाबांच्या मनात राहिला असेल, दुसरं काय? हात चोळत जा. नर्सबाईंचं ऐक.

राग असू दे, पण त्याच्या खाली लोभही असू दे.

तुझा मुंग्यावाला,
सेमिसी


हापाई
२४ मे

चि. सेमिसीस अनेक आशीर्वाद, आणि एक चापट.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच आत्याने ठरवलं होतं. आम्ही काकांची कबर उघडली. मेलेल्याच्या हाडांत झाडाचं मूळ शिरलं की ते दुखणं घरच्या जिवंत माणसाला लागतं, हे तू विसरला असशील. मिरच्यांना हाडं कुठे असतात!

लख्ख दुपार होती. वारा अजिबात नव्हता, तरी कबरीजवळचं सुरूचं झाड सू सू करत होतं. पांढरी वाळू बाजूला केली, आणि मूळ सापडलं. डाव्या हाताच्या दोन हाडांमधून शिरून, मनगटाला बांगडीसारखा वेढा घालून ते परत गेलेलं. उजव्या हाताला शिवलंसुद्धा नव्हतं. फावडी धरलेले सगळे मागे सरले. पाद्रीबाबाही. मूळ कापलं, हाडांना तेल लावलं, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून परत ठेवली.

मग सगळे घरी येऊन खाटेभोवती बसले. आता हात हलेल, मग हलेल. बाबांनी मान वळवली नाही. छताकडे बघत म्हणाले, की मूळ कशाला कापलंत, त्यानेच तर वाहाईला तिथे धरून ठेवलं होतं. आधी नुसता हात आला होता. आता तो सगळाच आलाय.

सेमिसी, लोक वहाणा न घालताच निघून गेले रे.

आता बाबा ताटातलं उजव्या बाजूचंच खातात. डावीकडचा कंद, मासा, जसाच्या तसा राहतो. आत्या म्हणते, तो वाहाईचा वाटा. मी डावीकडून गेले तर त्यांना दिसत नाही, पण एकदम विचारतात, तिथे कोण उभं आहे? हात गळ्याकडे येतो म्हणतात, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून आत्याने तो कापडाच्या पट्टीने खाटेला बांधलाय. बोटं सुजलीत. नर्सबाईंनी बजावलं, की असंच चाललं तर मूठ कायमची मिटेल. मग काठी, कठडा काही धरता येणार नाही, बाबा त्या खाटेवरून उठायचे नाहीत.

मी पट्टी सोडायला जाते आणि माझेच हात थांबतात. पाठीमागून कुणी बघतंय असं वाटतं. मी थकले. तू येऊन आपली पाळी धर, नाहीतर मी ऑकलंडला मावशीकडे निघून जाते.

इथे लोभ आहे, पण झोप नाही.

तुझी ताई,
लेसिएली


मिरचीचा मळा
९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पिशवी भरली, मग रिकामी केली. हंगाम अर्धवट टाकून आलो तर ठेकेदार परत घेणार नाही, आणि बाबांच्या औषधाला झावळ्या विकायच्या का? म्हणून दुसरं काहीतरी केलं. ते नीट वाच.

इथे चर्चच्या सभागृहात बुधवारी अंगावरून वारं गेलेली माणसं आणि त्यांचं करणारी घरची माणसं चहाला जमतात. आपल्या हापाईतल्या नोमुका बेटावरची वेइसिनिया नावाची बाई तिच्या नवऱ्याला आणते. त्याची खुर्ची पायऱ्यांवरून उचलायला मी जातो. त्याला आपला डावा हात बायकोचा वाटायचा! कितीतरी दिवस ओरडायचा, की माझ्या पोटावरचा हात काढ, बाई, उकडतंय. ती समोर चुलीपाशी उभी! आता त्याच हाताने संत्री धरतो आणि उजव्याने सोलतो.

तिला डॉक्टरांनी सांगितलं ते असं. डोक्यातली जी जागा डावी बाजू ओळखते, तिलाच मार बसलाय. त्यामुळे त्या माणसाचं अर्धं जगच पुसलं जातं. अर्धं ताट, अर्धी खोली, आपलं अर्धं अंग. डावीकडून येणारा त्याला कुठूनच न आल्यासारखा वाटतो. हात मेलेला नाही, विसरलेला आहे. वाद घालायचा नाही, बांधायचा तर नाहीच नाही. त्या बाजूला बसायचं, तिथून हाक मारायची, आवडीचा घास तिथे ठेवायचा, हात चोळायचा. हळूहळू येतं. सगळ्यांचं सगळं येत नाही, हेही ती लपवत नाही. तिथे एका म्हाताऱ्याचा नुसता अंगठा हलला, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं.

पण बाबा डॉक्टरचं ऐकायचे नाहीत, ते मला माहीत आहे. तर मग भांडूच नकोस. म्हण, हो, काका आलेत. घरी आलेल्याला आपण बांधून ठेवतो का? तेल लाव, विचारपूस कर, त्यांच्या बाजूला बस. आणि आत्या तर त्यांची थोरली बहीण. आपल्यात कुठला भाऊ बहिणीचा शब्द मोडतो, जिवंत असो नाहीतर मेलेला? तू मला ये म्हटल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही, उगाच? पट्टी आत्यालाच सोडू दे. तिनेच त्यांना कामाला लावू दे.

वेइसिनियाने मला विचारलं, की लेसिएलीच्या केसांना तेल कोण लावतं? ती म्हणाली, की करणाऱ्या बाईने शनिवारी घराबाहेर पडावं, जिथे कुणी हाक मारणार नाही तिथे बसावं, नाहीतर त्या घरात दुसरी खाट पडते. तेव्हा आत्याच्या सुनेला बसव आणि ओहोटीला शिंपले वेचायला जा. रिकाम्या हाताने आलीस तरी चालेल.

ऑकलंडचं तिकीट काढण्याआधी एवढं करून बघ. लोभ राहू दे, थोडा त्या गार हातावरही.

तुझा,
सेमिसी


हापाई
१९ जुलै

चि. सेमिसीस अनेक आशीर्वाद. चापट परत घेतली.

तुझं पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. सभागृह, डॉक्टर वगैरे ऐकताना ती पंख्याने वारा घेत होती. बहिणीचा शब्द आला तशी पंखा ठेवून उठली. आंघोळ केली, मानाच्या प्रसंगी नेसायची ती चांगली चटई कमरेला गुंडाळली, आणि बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. पट्टी सोडली. मग त्या हाताशी बोलली, बाबांशी नाही. म्हणाली, वाहाई, जिवंत होतास तेव्हाही आळशीच होतास. आलायस तर फुकट पडून राहू नकोस. धाकट्याचं अर्धं अंग उचल, आणि झालं की आपल्या जागी जा.

आवाज ऐकून बाबांची मान वळली. डावीकडे! पहिल्यांदा. आत्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं, बराच वेळ.

त्या दिवसापासून मी तेल लावते, वाहाई काका, कसे आहात असं विचारत बोटं उघडते, मिटते. बाबा तिकडे बघतात आणि काकांच्या वतीने उत्तर देतात, बहुतेक वेळा तक्रार! नर्सबाईंना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, चालू द्या. मग एक दिवस अंगठा हलला. टाळी मी एकटीनेच वाजवली.

आत्याने त्यांच्या डाव्या मांडीवर काथ्या ठेवला. आधी ती स्वतः हात धरून फिरवायची. आता तळवा आपला आपण सरकतो, कसाबसा, वितीएवढा सुंभ होतो आणि थकतो. बाबा उठून बसतात, कठडा धरून उभेही राहिले, आत्या आणि मी दोन बाजूंना. चालणं अजून लांब आहे. पण हात कोमट लागतो रे.

सुंभाचा तुकडा पाठवतेय. पीळ बघ. नर्सबाई म्हणतात, डाव्या हाताने वळला की तो उलटाच येणार. खरं आहे. पण टोकाची गाठ? काकांची ती गाठ बाबांना कधीच जमली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, मला काय विचारतेस.

काल ताटाची डावी बाजूही रिकामी होती. मी म्हटलं, वा, बाबांनी सगळं खाल्लं. बाबा म्हणाले, दोघांनी.

शनिवारी शिंपल्यांना गेले होते. खडकावर झोप लागली, भरती पायाला लागली तेव्हा जागी झाले. ऑकलंडला जात नाही. लोभ आहे, आणि आता थोडी झोपही.

तुझी,
लेसिएलीताई


मिरचीचा मळा
६ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुंभ पोचला. बुधवारी सभागृहात सगळ्यांच्या हातांतून फिरला. वेइसिनियाच्या नवऱ्याने तो डाव्या हातात धरला आणि परतच देईना. अंगठ्याच्या म्हाताऱ्याने नाकाला लावून वास घेतला. त्यांना मी गाठीचं बोललो नाही.

पलीकडच्या मळ्यात जास्त मजुरी आहे म्हणून पिशवी भरली होती, आणि तोच सुंभ पिशवीला बांधला होता. सकाळी निघताना बघतो तर पिशवीवर काकांचीच ती गाठ. मी तर साधी मारली होती. ओढून बघितलं, सुटेना. कापायला सुरी घेतली आणि ठेवून दिली. मुंग्यांना सांगितलं, बसा. हंगाम संपला की सरळ घरी येतो, गाठ काकांच्या हाताने सोडवली तर सोडवली.

हात कुणाचा ते आता विचारू नकोस. कोमट आहे ना, मग चालवून घे. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले की पहिला निरोप मला.

लोभ तिथल्या चौघांचाही असू दे, मोजायला बसू नकोस.

तुझा,
सेमिसी

ता. क. सोबत तीनशे ऐंशी डॉलर. तीनशे बाबांच्या औषधपाण्याला, साठ तुझ्या शनिवारांसाठी, आत्याच्या सुनेला द्यायला, आणि वीस वेगळे, वाहाई काकांच्या मजुरीचे.