कालव्यावरची रेघ

बिश्केक, १२ ऑगस्ट २००९

चि. सायकालीस बुरुलचाचे अ. आ.

फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर जातं, म्हणून लिहिते आहे. बसचालक एर्मेक उद्या तिकडे रशियाला निघतोय, त्याच्याकडे पत्र देते. तुझी लेक बेगायीम उन्हाळाभर कालव्यात डुंबून काळी पडली आहे. तुझ्या नवऱ्याला, कुबातला, बांधकामावर काम मिळालंय, सकाळी लवकरच घराबाहेर पडतो.

आता मुद्द्याचं. आमची शाळा सातशे मुलांसाठी बांधलेली. यंदा नावं आली तीन हजार एकशे. तीन पाळ्या लावूनही सहावीच्या एकेका वर्गात अठ्ठेचाळीस. एका बाकावर तिघं, शिवाय दोघं खिडकीच्या कट्ट्यावर. म्हणून शिक्षण कार्यालयाने शाळेची हद्द बदलायचं ठरवलं, आणि उपमुख्याध्यापिका म्हणून नकाशा माझ्यापुढे आला. मी कालव्यावरून रेघ ओढली. कालव्यापलीकडची मुलं आता हमरस्त्याच्या पलीकडच्या नव्या शाळेत जातील. तुमची गल्ली कालव्यापलीकडेच येते.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी ताई

येकातेरिनबुर्ग, २१ ऑगस्ट

ती. ताईस सायकालचा सलाम, वि. वि.

पत्र आल्यापासून शिवणयंत्रावर लक्ष लागत नाही. काल एक बाही उलटी जोडली, मुकादमबाईची बोलणी खाल्ली.

त्या हमरस्त्याने कोळशाचे ट्रक धावतात, हे तुला मी सांगायला हवं का? ना सिग्नल, ना पायी जायचा पूल. कुबात फोनवर विचारत होता, तुझ्या बहिणीने नकाशा काढला की आपल्याला काढून टाकलं. मी काय उत्तर देऊ?

माझं एकच मागणं आहे. बेगायीमचा पत्ता तुझ्या घरचा लाव. एका कागदाचं काम. आठवड्यातले चार दिवस ती तुझ्याकडेच जेवते, त्यात खोटं ते काय? मी इथे परक्यांच्या मुलींचे शाळेचे पोशाख शिवते आणि माझ्या मुलीची शाळा तू रेघ ओढून ठरवतेस. मोठी आहेस, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

माया कमी करू नकोस. पण कागद कर.

सायकाल

बिश्केक, ६ सप्टेंबर

चि. सायकालीस अ. आ.

कागद मी केला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझ्यासारखे एकेचाळीस पालक येऊन गेले. एक जण मेंढीची तंगडी घेऊन आला. एकीने दारातच बसकण मारली, म्हणाली, सही होईपर्यंत उठायची नाही. तिला चहा पाजला, सही दिली नाही. आता भाचीचं नाव गुपचूप घातलं तर त्या बाईच्या तोंडाकडे मी कशी बघू?

पहिल्या तारखेला शाळा उघडली, तेव्हा मी स्वतः बेगायीमला घेऊन निघाले. हमरस्त्यावर अकरा मिनिटं उभ्या होतो. मागे सव्वीस मुलं साठली, सगळ्यांच्या हातात बाईंना द्यायची फुलं. एक ट्रक थांबेल तर शपथ. बेगायीमने विचारलं, मावशी, तू इथे येऊन रेघ काढलीस का? मला नाही म्हणावं लागलं. टेबलाशी बसून काढली होती, सायकाल. रस्ता आहे हे माहीत होतं, पण तो मुलांबरोबर कधी ओलांडला नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळी तिथे उभी राहते, मुलांना पलीकडे सोडते आणि मग शाळेत जाते. सुटायच्या वेळी पुन्हा येते. मुख्याध्यापिका विचारतात, तुम्ही शिक्षिका की वाहतूक पोलीस?

तुझा राग पोचला. तो असू दे, पण पत्रं थांबवू नकोस.

ताई

येकातेरिनबुर्ग, १५ सप्टेंबर

ती. ताईस सलाम, वि. वि.

उभी राहतेस, चांगलं करतेस. पण ज्या दिवशी तू आजारी पडशील त्या दिवशी काय? दुपारी डबा उघडते आणि घड्याळाकडे बघत बसते. तिकडे शाळा सुटायची वेळ तीच असते.

एवढंच. उत्तराची वाट बघते.

सायकाल

बिश्केक, ४ ऑक्टोबर

चि. सायकालीस अ. आ.

बेगायीम सुखरूप आहे, हे आधी.

तू लिहिलंस तेच झालं. सोमवारी मला ताप होता, गेले नाही. सातवीतली उलजान ट्रक चुकवताना खड्ड्यात पडली आणि तिचा हात मोडला. बेगायीम तिच्या शेजारीच चालत होती.

अंगात ताप असतानाच उलजानच्या आईला घेऊन कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, रेघ तुमची, सही तुमची. मी म्हटलं, म्हणूनच पुसायला आले आहे. त्यांनी बजावलं की जितकी मुलं परत घ्याल, तितकी बाहेर काढावी लागतील. मग दोन दिवस मी सगळी वस्ती पायी फिरले. हमरस्त्याच्या अलीकडची सगळी मुलं आमच्या शाळेत परत घेतली. त्या बदल्यात बाहेर काढल्या आम्ही राहतो त्याच चार इमारती. आमच्या दारासमोरून निघणारी बस लांबच्या वळणाने हमरस्त्याच्या पुलाखालून जाते आणि थेट नव्या शाळेच्या फाटकाशी थांबते. कुणाला रस्ता ओलांडावा लागत नाही. माझा मुलगा तेमिरकानही तिकडे गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेजारीण अजून बोलत नाही.

बेगायीमचं नाव आमच्या यादीत परत घातलं, तर ती येत नाही म्हणते. रोज कालव्यावरचा पूल ओलांडून माझ्या दारी येईन आणि तेमिरकानबरोबर बसने जाईन, असं तिने परस्पर ठरवून टाकलंय. तिकडे वर्गात एकोणतीसच मुलं आहेत. गणिताच्या बाई तिला नावाने हाक मारतात, फळ्याशी बोलावतात. आमच्याकडे पाच वर्षांत तिला एकदाही कुणी फळ्याशी बोलावलं नव्हतं, असं ती सहज सांगून गेली. ते ऐकून उपमुख्याध्यापिकेला काय वाटलं, ते विचारू नकोस.

वीस तारखेला यादी बंद होते. आई तू आहेस. काय करू, कळव.

ताई

येकातेरिनबुर्ग, १२ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम, वि. वि.

तिला समजावायला फोन केला होता. मुकाट्याने परत जा, मावशीने तुझ्यासाठी एवढं केलं, असं सांगणार होते. पण ती अपूर्णांकांबद्दलच बोलत सुटली. शाळेत काय झालं विचारलं की काही नाही म्हणणारी मुलगी ही. ज्या शाळेसाठी मी तुझ्याशी भांडले, तिथे ती पाच वर्षं गर्दीत नुसती बसून होती, आणि आपल्या दोघींनाही ते कळलं नाही. ना तिथेच असलेल्या तुला, ना इतक्या लांबच्या मला.

राहू दे तिला तिकडेच. तिची तुमच्याकडची जागा बाहेर काढलेल्या दुसऱ्या कुणाला दे. तेमिरकानला सांग, मावशी त्याची ऋणी आहे. तुला टाकून बोलले, ते पोटात घाल.

कारखान्यात सांगून टाकलं आहे, डिसेंबरनंतर मी नाही. कुबात म्हणतो, घाई करू नकोस, वसंतापर्यंत थांब. मला थांबवत नाही, ताई. आल्या आल्या मी त्या गणिताच्या बाईंची परवानगी काढून वर्गात मागे उभी राहणार आहे. बेगायीम फळ्याशी कशी उभी राहते, ते मला बघायचं आहे.

तुझीच,
सायकाल